त्रेचाळिसावी आकृती

लग्नाच्या पंगतीत देवाजीकाकांच्या शेजारी बसू नये. भात, त्यावर वरण, त्यावर वांग्याची भाजी असं पानात रचलं गेलं की ते बोटानं ढिगाची एक बाजू मोकळी करून दाखवतात. "पाहा गुरुजी! खालचा थर जुना, वरचा नवा. कालवू नोका, बाप्पा!" मग आपल्याला कालवायचा धीर होत नाही आणि भात निवून जातो.

माझ्या घराचा पाया खोदला तेव्हा ते खड्ड्यात उतरून बसले. गवंडी वरून हाका मारून थकला, काका मुरमाचे रंग बघत होते.

काका माझे शेजारी. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या त्यांच्या गावात ते शाळेचे चपराशी होते. शाळेत एक जुना तक्ता होता. कापडावर डकवलेला, वरखाली लाकडी दांडे. खडकांचे रंगीत थर, त्यांत शंख, मासोळ्या, दात विचकलेला एक भलामोठा सरडा. कडेला बेचाळीस आकृत्यांची यादी आणि जवळजवळ प्रत्येकीपुढे लिहिलेलं, 'नामशेष'. भिंतीत खिळा टिकत नसे, म्हणून काका तक्ता धरून उभे राहत. गुरुजी बदलत गेले, धरणारे काकाच.

गाव उठलं तेव्हा लोकांनी छपरांचे कवेलू, दारं, चौकटी ट्रॅक्टरमध्ये भरल्या. काकांनी शाळेचा टाकून दिलेला तक्ता आधी चढवला. लोक अजून हसतात.

यंदा मी आमच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी तो मागितला. "हात लागला का तुकडा पडते," एवढं बोलून ते आत गेले. मला रागच आला. एवढा कसला तोरा?

रविवारी काका स्वतःच तक्ता काखेत मारून आले. "घेऊन जा. पण तुमचं अक्षर छापल्यावानी हाये. एक नाव लिवून द्या."

मी तक्ता उलगडला. वरच्या टोकाला वहीचा कागद चिकटवून त्यांनी नवा थर काढला होता. निळं पाणी, त्याखाली काळा गाळ, आणि गाळात एक मातीची चूल.

"सारं घर उचलून आणलं, गुरुजी. चूल कशी आणता? आमच्या घरचीनं भुईतच बसवली होती. गाव उठाच्या आधीच ते गेली. मंग मीच सारवत होतो." त्यांनी कागदावरच्या चुलीवर बोट टेकवलं. "पुढं कधी कोणी खोदलं, तं त्याले समजलं पाहिजे ना, कोणाची व्हय ते."

मला माझ्या रागाची लाज वाटली. "काकूंचं नाव काय?"

जन्मभर बायकोला 'ऐकलं का' म्हणूनच हाक मारणारा माणूस. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सुमन."

यादीच्या तळाशी मी वळणदार अक्षरात लिहिलं, '४३. सुमनची चूल'. वरच्या ओळी पाहून सवयीनं पुढे 'नामशेष' लिहायला पेन टेकवलं, तोच काकांनी माझं मनगट धरलं.

"तेवढं नोका लिवू, गुरुजी."