क्रमांक बावीस, खुर्चीवर या!

गाडी शिकवण्यात माझा हात धरणारा अजून जन्मायचाय! हे मी नाही, आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक म्हणतात. (मी फक्त त्यांना आठवण करून देते.) अठरा वर्षं मी लोकांना गाडी शिकवतेय. रिव्हर्स घेताना डोळे मिटणारे एक काका होते, त्यांनासुद्धा मी लायसन्स मिळवून दिलं!

आणि अशा मला गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये दर वेळी कोण हरवतं? तर आमची वहिनी! जी जिना उतरताना कठडा सोडत नाही, दादाच्या स्कूटरवर मागे बसली की डोळे घट्ट मिटून घेते, ती! आमच्या घरी येते, सोफ्यावर मांडी ठोकून बसते, आणि मला धूळ चारून "चिमाताई, चहा टाकू का?" असं गोड आवाजात विचारते. जखमेवर मीठ, तेही चमच्याने!

"दोष माझा नाहीच," मी आमच्या ह्यांना सांगितलं. "त्यांच्याकडे भिंतीएवढा टीव्ही. तिचा सराव त्याच्यावर. आपला टीव्ही एवढासा! त्यात रस्ता सुतळीसारखा दिसतो. आणि मुठीत मावणारं ते बटणांचं खेळणं धरून कुणी गाडी चालवतं का? मला स्टिअरिंग हवं, पायात ब्रेक हवा, बसायला नीट सीट हवी!"

आमच्या ह्यांचं पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. जगात नवीन वस्तू कशाला बनवतात, हे कोडं त्यांना लग्नाआधीपासून सुटलेलं नाही.

"सगळं मिळेल," ते म्हणाले. "फक्त नवीन मिळणार नाही."

आणि खरंच, आठवड्याभरात सगळं उभं राहिलं हो! पलीकडच्या गल्लीतला दातांचा दवाखाना मोठ्या जागेत गेला होता. तिथले पंखे ह्यांनी बसवून दिले आणि मजुरीऐवजी भिंतीवरचा जुना टीव्ही उचलून आणला. केवढा मोठा टीव्ही! आमच्या खोलीत तो आल्यावर आम्हालाच जरा सरकून बसावं लागलं. गेमचं स्टिअरिंग आणि पेडल एका गृहस्थांनी हसत हसत देऊन टाकली. त्यांचं नुकतंच लग्न ठरलं होतं. आणि सीट? आमच्या स्कूलची जुनी गाडी भंगारात निघाली होती, तिची ड्रायव्हरची सीट मी मालकांकडून मागून घेतली. पट्ट्यासकट! ह्यांनी ती फळीवर ठोकली आणि खाली चार चाकं लावली.

"चाकं कशाला?" मी विचारलं.

"झाडू मारताना सरकवायला सोपं!"

इतका दूरचा विचार करणारा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं मला त्या वेळी वाटलं.

रविवारी सकाळी दादा-वहिनी आले. वहिनी नेहमीसारखी सोफ्यावर मांडी घालून बसली. मी मात्र सीटवर बसले, पट्टा लावला, नसलेला आरसा सवयीने नीट केला. ह्यांनी नवा टीव्ही घरच्या वायफायला जोडला, गेमच्या खोक्याची वायर खुपसली, आणि समोर हा भला मोठा रस्ता उलगडला!

"तीन... दोन... एक!"

सुटले मी! काय ते स्टिअरिंग, काय तो वेग! पहिल्या वळणापर्यंत मी चक्क पुढे होते. आणि तेवढ्यात...

टिंग-टाँग!

"क्रमांक बावीस, खुर्चीवर या!"

अख्ख्या रस्त्यावर निळी पट्टी आली. पट्टीवर बावीस आकडा आणि शेजारी हसणारी एक दाढ!

"अगंबाई, गेममध्ये हे नवीन आलंय का?" वहिनीने विचारलं. गाडी मात्र थांबवली नाही.

मला काही दिसेना. मी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. आता पेडल होतं भिंतीला टेकवलेलं आणि सीट होती चाकांवर. ब्रेकने गाडी थांबते, असं मी अठरा वर्षं शिकवलं. इथे ब्रेक दाबला आणि मीच निघाले उलटी! थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत!

"अगं, कुठे चाललीस?" आमचे हे ओरडले.

"मला काय विचारता! चाकं कुणी लावली?"

"चिमे, थांब, मी ती बडबड बंद करतो," म्हणत दादाने टीव्हीचा रिमोट उचलला आणि मधलं बटण दाबलं. टिंग-टाँग! "क्रमांक तेवीस, खुर्चीवर या!" पुन्हा दाबलं. चोवीस! दादाचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट होत नसेल तर तीच जास्त जोरात करायची. पंचवीस! सव्वीस! सत्तावीस!

ह्यांचा फोन वाजला. दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट होती. तिचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता.

"पंखेवाले काका, गोंधळ झालाय! खुर्ची..."

"पळतेय ना?" हे चकित होऊन म्हणाले. "तुम्हाला इतक्यात कसं कळलं?"

"खुर्ची नाही, नंबर पळतायत! एका खुर्चीवर सहा पेशंट भांडतायत! तुमच्याकडे कोण बसलंय?"

"आमची बायको."

"तिथे पेशंट कशाला बसवलाय? काय होतंय त्यांना?"

"पट्ट्याने बांधलीय. सुटत नाहीये. नुसती ओरडतेय!"

पलीकडून ती घाबरीघुबरी होऊन म्हणाली, "काहीही काढू नका! डॉक्टर येतायत!"

आणि पट्टा खरंच अडकला होता! बटण दाबून दाबून माझा अंगठा लाल झाला. आमचे हे पकड शोधत होते, दादा बत्तिसाव्या पेशंटला बोलावत होता, आणि वहिनी? ती एकटीच शांतपणे तिसरी फेरी पूर्ण करत होती!

पाच मिनिटांत दार वाजलं. दातांच्या डॉक्टरीणबाई स्वतः! अंगात पांढरा कोट, हातात मोजे, कपाळावर दिवा.

"आधी तो रिमोट खाली ठेवा!" त्या गरजल्या. दादाने तो पाठीमागे लपवला. "अहो, आमची रांगेची सोय अजून त्या टीव्हीत आहे! तुम्ही बटण दाबलं की आमच्याकडे पुढचा नंबर लागतो! दात नुसते साफ करायला आलेल्या माणसाला मी भूल देऊन बसलेय!"

"डॉक्टर, मला सोडवा हो!" मी कळवळून ओरडले.

त्या माझ्याकडे वळल्या. मी सीटला बांधलेली, तोंड उघडं. सवय ती सवय! कपाळावरचा दिवा लागला.

"आणखी आ करा. हं... खालची उजवी दाढ किडलीय. कधीपासून दुखतेय?"

"दाढ नाही, पट्टा!"

त्यांनी खिशातून दात कोरायची बारीक आकडी काढली, पट्ट्याच्या फटीत घातली, एक हलका झटका दिला, आणि टक! मी मोकळी! मग टीव्हीसमोर उभं राहून त्यांनी त्यातून दवाखान्याचं नाव कायमचं काढून टाकलं. जाताना दारातून एवढंच म्हणाल्या, "दाढ भरायला या. नंबर मी हाताने लिहीन."

मग ह्यांनी सीटची चाकं काढली. दादाला रिमोटपासून लांब, खिडकीत बसवलं. टीव्ही गुणी बाळासारखा गप्प होता. भला मोठा रस्ता, खरं स्टिअरिंग, घट्ट सीट! आता खरी शर्यत!

"तीन... दोन... एक!"

काय सांगू तुम्हाला! गाडी अशी चालवली, अशी चालवली, की आमच्या मालकांनी पाहिली असती तर पगार वाढवला असता. एकही धक्का नाही, एकही ओरखडा नाही. वळणं तर लोण्यात सुरी फिरावी तशी!

आणि मी हरले. पूर्वी थोडक्यात हरायचे. या वेळी मी शेवटच्या वळणावर होते तेव्हा वहिनी चहा टाकायला उठली होती!

"आता कशामुळे?" आमच्या ह्यांनी हळूच विचारलं. त्यांची नजर आपण बसवलेल्या एकेका स्क्रूवरून फिरत होती.

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. जरा घुटमळली.

"चिमाताई, रागावणार नसाल तर एक सांगू? कितीतरी दिवस मनात आहे."

"सांगा."

"तुम्ही छानच चालवता हो. पण मागून हॉर्न वाजला की बाजूला होऊन साइड देता!"

दादा खिडकीतून बाहेर बघत उगाच खोकला.

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? मागचा एवढा हॉर्न वाजवतोय म्हणजे बिचाऱ्याला काहीतरी घाई असेल ना!