अठरा मिलिमीटरची वेणी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात धजेल. आमच्या सोसायटीतल्या खैरनारांना ‘वहिनी’ हे नाव मी ठेवलं. वॉचमनने नाही, सेक्रेटरीने नाही, पोरांनी तर नाहीच. मी. वय वर्षं बावन्न, सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक, आडनाव वाघ.

आता खैरनार कोण, ते सांगतो. पाथर्डी फाट्याजवळ आमची दोन विंगांची सोसायटी आहे. मी ए विंगमध्ये चौथ्या मजल्यावर आणि खैरनार बी विंगमध्ये, बरोबर समोर. सकाळी सव्वासातला मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत आलो की समोरच्या बाल्कनीत हा माणूस स्टुलावर बसलेला असायचा. दातांत कंगवा, मनगटात रंगीत रबरबँड आणि पुढ्यात पाटावर पाठ करून बसलेली त्यांची मुलगी ओवी. तेव्हा ती तिसरीत होती. दोन वेण्या घालून झाल्या की खैरनार शर्टाच्या खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढायचे. लोखंडी दांड्याची जाडी मोजायचं ते अवजार त्यांनी कंपनीतून निरोप घेताना आठवण म्हणून मागून आणलं होतं. ते वेणीला लावायचे, डोळे बारीक करून आकडा वाचायचे आणि म्हणायचे, “डावी अठरा, उजवी सोळा. रिवर्क.”

आणि ती पोर निमूटपणे पुन्हा पाटावर बसायची. वेणी सुटायची, पुन्हा घातली जायची.

सतरा वर्षं खैरनार अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. बायको बँकेत. तिची बदली वणीच्या शाखेत झाली आणि ती सकाळी सातलाच घर सोडू लागली. ओवीला सांभाळायला खैरनारांची आई सटाण्याहून आली होती. तिला नाशिकची हवा मानवली, पाणी मानवलं, लिफ्ट मानवली नाही. एकदा वीज गेल्यावर ती दोन मजल्यांच्या मधे अडकली, बाहेर आल्यावर तिने पिशवी भरली आणि सटाण्याची गाडी पकडली. मग खैरनारांनी नोकरी सोडली. मी त्यांना विचारलं होतं, “तुम्हीच का सोडली?”

“साहेब, दोघांपैकी तिचं काम जास्त चांगलं,” ते म्हणाले. “मी काय, बोल्ट नापास करायचो.”

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला वाटलं, माणूस काहीतरी लपवतोय. बहुतेक काढून टाकलं असणार. आमच्या पिढीच्या पुरुषांना दुसरं काही सुचतच नाही.

वेणी ते सुतळीवर शिकले. पंधरा दिवस बाल्कनीच्या गजाला तीन पदर बांधून हा माणूस उभा. आम्हाला वाटलं, झोपाळा टांगतोय. घरातल्या बाकीच्या कामांनाही त्यांनी कंपनीच्या परीक्षा लावल्या होत्या. डबा भरला की तो उलटा धरून तीनदा हलवायचा आणि खाली वर्तमानपत्रावर डाग पडतो का बघायचं. ही ‘लीक टेस्ट’. पोळी उजेडाकडे धरून बघायची. कच्ची असेल तर रिवर्क. मुलगी गणितात चुकली तरी रिवर्क. “रिजेक्ट म्हणायचं नाही,” ते मला समजवायचे. “रिजेक्ट म्हटलं की समोरचा खचतो.”

शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ते एकटेच पुरुष. तिथे रोज सकाळी “गुड मॉर्निंग लेडीज” असा मेसेज पडतो आणि खैरनार त्याला न चुकता हात जोडून उत्तर देतात. शाळेच्या फाटकाशी एका बाजूला आया उभ्या असतात, दुसऱ्या बाजूला मोटरसायकल बंद न करता पोराची वाट बघणारे बाप. खैरनार मधे, गुलमोहराखाली. आयांच्यात गेले की बोलणं थांबतं आणि बापांच्यात बोलणं नसतंच. हे मला माझ्या पत्नीने, मंगलने, सांगितलं. मी कधी त्या फाटकापर्यंत गेलो नव्हतो.

खरं तर आमच्या मुलाच्या शाळेतही मी एकदाच गेलो होतो. मंगल आजारी होती, प्रगतिपुस्तक आणायचं होतं. मी रुबाबात सहावी ‘क’च्या वर्गात जाऊन बसलो. बाईंनी यादी दोनदा वाचली. शेवटी शिपाई म्हणाला, “साहेब, अनिकेत वाघ ना? तो आठवीत आहे.” मी त्या शिपायावर चिडलो होतो. संध्याकाळी मी घरी आलो की टीव्हीचा आवाज आपोआप कमी व्हायचा, पोरगं आतल्या खोलीत जायचं. याला मी आदर समजत होतो. आता अनिकेत पुण्यात नोकरी करतो. फोन आईला करतो आणि शेवटी विचारतो, “बाबा बरे आहेत ना?” मी शेजारीच बसलेला असतो.

असा मी. आणि असे खैरनार. आता ते नाव कसं पडलं ते सांगतो.

संक्रांतीच्या सुमारास सोसायटीच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. ओवीची आई वणीहून वेळेत पोचणार नव्हती. पण प्रत्येक घरातून कोणीतरी यायलाच हवं, असं निरोपात लिहिलं होतं, आणि खैरनार लेखी सूचना पाळणारा माणूस. पांढरा शर्ट इस्त्री करून, ओवीला परकर-पोलकं घालून ते बायकांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. वाण घ्यायला हात पुढे केला. मी दाराशी खुर्च्या मोजत होतो. मान तुकवून म्हणालो, “या, खैरनार वहिनी. कुंकू लावून घ्या.”

सगळा हॉल हसला. सगळ्यांत मोठ्याने खैरनार हसले. त्यांना वाण म्हणून चहाची गाळणी मिळाली. तिच्याही जाळीला बोट लावून ते म्हणाले, “मटेरियल बरं आहे.”

सांगायला लाज वाटते, पण मी खूश होतो. उभ्या आयुष्यात मी बोललेलं लोकांनी उचललं, असं हे एकच वाक्य. दुसऱ्या दिवशी टाकीचं पाणी सोडायची पाळी खैरनारांची होती, तर सेक्रेटरी “वहिनी आल्या का पाणी सोडायला?” म्हणाले. आठवड्यात वॉचमन कुरिअरवाल्याला सांगू लागला, “बी विंगच्या वहिनींचं पार्सल आहे.” कोणी म्हटलं की मी आजूबाजूला बघायचो, हे कोणाचं आहे ते लोकांना आठवतंय ना.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. ओवी चौथीत गेली. एका सकाळी मी बाल्कनीत आलो तर समोर स्टूल नव्हतं, पाट नव्हता. त्याच संध्याकाळी खाली गेलो, बी विंगमधल्या एकाला कागद द्यायचे होते. तिकडच्या लिफ्टमध्ये खैरनार आणि ओवी भेटले. ओवीचे केस कापलेले. मुलांसारखे, कानाच्या वर. मी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं.

“काय वहिनी, वेण्यांचा कंटाळा आला वाटतं?”

खैरनार हसले नाहीत. ओवी वरच्या आकड्यांकडे बघत होती. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली, ती बाहेर पडली आणि जिन्याने चालत गेली. त्यांचं घर चौथ्यावर. तिच्यामागे खैरनारही उतरले. मी एकटा लिफ्टमध्ये, हातात कागद.

मंगलला सगळं आधीच माहीत होतं. ती मेथी निवडत होती. वर न बघता तिने सांगितलं, “शाळेत पोरं तिला ‘वहिनीची मुलगी’ म्हणतात. आपल्याच सोसायटीतल्या एका पोराने तिथे नेलं ते नाव. पोरीने आईकडे हट्ट धरला, केस काप. म्हणे, मग पप्पांना वेणी घालावी लागणार नाही, मग त्यांना कोणी वहिनी म्हणणार नाही.”

नाव कोणी ठेवलं, हे ती बोलली नाही. मेथीच्या काड्या मात्र जरा जास्तच जोरात मोडत होत्या.

पुढचे आठ दिवस मी बाल्कनीत गेलो नाही. चहा स्वयंपाकघरात, फ्रीजकडे तोंड करून प्यायलो. खैरनार समोरून दिसले की मी मोबाइल कानाला लावायचो. एकदा तो कानाला असतानाच वाजला. मग मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, “सर्वांना नम्र विनंती, कोणीही कोणास टोपणनावाने संबोधू नये.” कचेरीतली भाषा. तिच्यात कर्ता लागत नाही, म्हणून मला ती आवडते. बारा अंगठे आले. सेक्रेटरींनी लिहिलं, “योग्य सूचना. वहिनींनाही कळवतो.”

शेवटी रविवारी सकाळी मी बी विंगमध्ये गेलो. ओवीची आई बाजाराला गेली होती. खैरनारांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा ठेवला. त्या गाळणीने गाळला. मी घरून वाक्य पाठ करून नेलं होतं, ते काही आलं नाही.

“खैरनार, ते नाव… म्हणजे मी जे…”

“जाऊ द्या हो, वाघसाहेब. मला काय लागत नाही. कंपनीत कामगार मला यम म्हणायचे. त्यापेक्षा वहिनी बरं.” मग कप माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, “वाईट एवढंच वाटतं की सकाळ गेली.”

“सकाळ?”

“वेणी घालताना ती बोलायची. तोंड तिकडे असतं ना, म्हणून. कोणाशी भांडण झालं, कोणत्या बाई रागावल्या, भीती कशाची वाटते. समोरासमोर विचारलं की ‘काही नाही’. दहा मिनिटांत एक वेणी व्हायची, तिचं बोलणं काही संपायचं नाही.” ते कपाकडे बघून हसले. “सोळा-अठरा काही नसायचं, साहेब. दोन्ही सारख्याच असायच्या. मी उगाच रिवर्क काढायचो.”

आमच्या अनिकेतला कशाची भीती वाटायची, ते आठवायचा मी प्रयत्न केला. मला ते कधीच माहीत नव्हतं.

“आता ती गप्प असते,” खैरनार म्हणाले. ते शुद्ध बोलायचे, पण हे बोलताना सटाण्याची बोली आली. “मनी आंडेर शे ती. माझीच लेक, पण माझ्यासाठी गप्प झाली. हे मोजायचं कशाने?”

“खैरनार, माझं चुकलं,” मी म्हणालो. इतकं साधं वाक्य होतं, आठ दिवस कुठे होतं कोण जाणे.

त्यांनी मान हलवली. “मला सांगून काय उपयोग. मी तर तेव्हाही हसलो होतो.” आणि आतल्या खोलीकडे नुसतं पाहिलं.

आत ओवी जमिनीवर पालथी पडून नकाशा रंगवत होती. मी दाराशी उभा राहिलो. मग वाटलं, एवढ्या उंचीवरून बोलायचं नाही हे. दोन्ही गुडघ्यांचा आवाज करत मी खाली बसलो. तिने मान वर केली.

“काका, पप्पा बाहेर आहेत.”

“मला तुझ्याशीच बोलायचंय.”

तिने रंगाचा खडू खाली ठेवला. तिच्याकडे बघून बोलणं मला जमेना, म्हणून मी आधी नकाशातल्या हिरव्या नाशिकवर नजर ठेवली. मग तिच्याकडे बघितलं.

“ओवी, तुझ्या पप्पांना ते नाव मी ठेवलं. सगळ्यांत आधी मीच म्हणालो. तुझे पप्पा जे करतात ते मला माझ्या मुलासाठी कधी जमलं नाही आणि लोक त्यांना हसले की मला बरं वाटायचं. तुझ्या पप्पांचं काही चुकलेलं नाही. तुझंही नाही. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर.”