चार जीबीत न मावणारा दिवस

कोळवणात आमच्या शेजारच्या नानांच्या पडवीतून एसटीचा हॉर्न ऐकू आला, तर धावायचं नसतं. ती एसटी काही वर्षांपूर्वीच येऊन गेलेली असते. मी इथे नवा असताना लॅपटॉपची बॅग सावरत फाट्यापर्यंत पळालो होतो. घामाघूम होऊन परतलो तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "आवो, ती रेकार्डातली हाय. खरी मगाशीच गेली."

नानांनी हौसेनं घेतलेल्या रेकॉर्डरवर भातलावणीचा एक अख्खा दिवस टिपून ठेवलाय. रोज उजाडलं की तो पडवीतल्या स्पीकरवर सुरू होतो आणि दिवेलागणीला संपतो. त्यातला कोंबडा कधीच रश्श्यात गेला. ट्रॅक्टर विकला, तरी तो ऐकून कुणीतरी "नाना, आमच्या वावरात कवा?" विचारायला येतंच. भर उन्हाळ्यात नानांकडे पाऊस वाजतो आणि पाहुणे वाळत घातलेले कपडे काढायला धावतात.

नानांच्या घरच्या, म्हणजे काकू, यावर काही बोलत नाहीत. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला, आता त्या टाळ्या वाजवतात. एक टाळी म्हणजे चहा झालाय, दोन म्हणजे नानांनी गप्प बसावं. दोन टाळ्याच जास्त ऐकू येतात.

"कापायचं न्हाई" हे नानांचं लाडकं वाक्य. कुंपणाच्या मेंदीपासून स्वतःच्या गोष्टींपर्यंत ते कशालाही लागू पडतं.

मध्यंतरी जुना रेकॉर्डर बंद पडला. पुण्यातल्या मुलानं नवा प्लेअर आणून दिला, पण त्याला नानांचं ते भारी दर्जाचं रेकॉर्डिंग पचेना. मी आयटीतला, त्यामुळे बोलावणं आलं. आवाजाचा दर्जा ठरवणारा सॅम्पल रेट उतरवून मी सगळं एका फाईलीत आणलं, तर प्लेअर चार जीबीच्या पुढे जाईना. नानांचा दिवस दुपारच्या जेवणालाच संपायला लागला.

"सांज व्हतच न्हाई, सायेब," नाना म्हणाले. एवढे कासावीस मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"दोन तुकडे करू."

"कापायचं न्हाई. दुसऱ्या तुकड्याला हा डबा बटन मागतुया. दुपारी आमी दोगं बी वावरात. कोन दाबनार?"

एमपीथ्री करून दिली. "भात मागितला तर पीठ देताय व्हय?" सॅम्पल रेट आणखी खाली आणला. नाना हेडफोन लावून थेट शेवटाकडे गेले. "हंड्यात तोंड घालून बोलल्यावानी येतंय." कोंबडा, पाऊस, एसटी यांचं काय झालं, हे त्यांनी एकदाही तपासलं नाही. दर वेळी फक्त शेवट.

अखेर मी डावा आणि उजवा आवाज एकत्र करायचं सुचवलं. फाईल निम्मी होते, आवाज स्वच्छ राहतो.

"देवानं कान दोन दिल्यात."

"पण दिवस अख्खा मावतो, नाना."

"सांजेपातूर जाईल?"

"जाईल."

"मग ऐकू एका कानानं."

एरवी माझी संध्याकाळ हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जाते. दुसऱ्या दिवशी मात्र फाईल शेवटपर्यंत चालते का, ते बघायला मी पडवीत जाऊन बसलो. नाना अंगणात खुरपी धूत होते. काकू रिकामं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. स्पीकरवर बेडूक ओरडत होते. मग एकदम एका बाईचा खणखणीत आवाज आला, "आवो, किती राबताय? भात निवतुया, या की घरात!"

"आलो, आलो," म्हणत नानांनी हात पुसले.

काकूंचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. काकू आत वळल्या आणि ताटात भात वाढू लागल्या.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "नाना, नुसती ही हाक रोज या वेळेला लावता आली असती. एवढीशी फाईल."

"आसं कसं? आदी दिवस जावा लागतुया, सायेब, मंग हाक. सकाळपास्नं मानूस..."

आतून दोन टाळ्या आल्या. नाना गप्प झाले आणि जेवायला आत गेले.