पिंपळथडी घाटावर भरती

धुळ्यात नौकाविहार कक्ष आहे आणि मी त्यात वरिष्ठ लिपिक आहे. धुळ्यात नावा कुठून आल्या, असं लोक विचारतात. नावा नाहीत हे कक्षाला मान्यच आहे, आणि त्यामुळेच कामाचा ताण इतकी वर्षं आटोक्यात होता. आमच्या अखत्यारीतली एकूण नाव एक, आणि तिचा मालक स्वतःहून अर्ज घेऊन आला.

ही नाव तोताराम आबांची. तापीवर बंधारा झाल्यापासून पाणी बारा महिने टिकतं, आणि त्या पाण्यावरून आबा बावीस वर्षं पिंपळथडी ते कुरथडी माणसं नेत-आणत होते. अलीकडे रविवारी जळगाव-धुळ्याची हौशी मंडळी सहलीला यायची. मीही एकदा कुटुंबासह गेलो होतो. सकाळी आठला निघायचं, मधल्या वाळूवर उतरून भरीत-पुरी खायची, आणि कुरथडीला, म्हणजे आमच्या हद्दीपलीकडे, नवलभाऊंचा नावदुरुस्तीचा कारखाना पाहायचा. कारखाना म्हणजे एक निंब, दोन पालथ्या नावा आणि डांबराचा डबा. नवलभाऊ फटींत चिंध्या ठासून वरून डांबर ओतायचे आणि शहरातले लोक त्यांच्यासोबत फोटो काढायचे. इतका सुरेख रविवार मला नोकरीत लागल्यापासून मिळाला नव्हता, हे मी प्रांजळपणे नमूद करतो.

मग नौकाविहाराचं नवं धोरण आलं. परवानगी मिळेपर्यंत प्रत्येक नाव पाण्याबाहेर काढावी, हा आदेश मीच टाइप केला. आबांनी बैल लावून नाव काठावर ओढली आणि दुसऱ्या दिवशी एसटीने धुळ्याला आले.

"भाऊसाहेब, नाव पानीमाच बरी," ते म्हणाले. "सुकनी का तिना सांधा उकलतस."

मी त्यांना सांगितलं, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. 'पंधरा दिवस' हे शब्द आम्ही काळ मोजायला वापरत नाही, धीर द्यायला वापरतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

अर्जाचा नमुना वरून आला होता आणि वरच्यांनी तो कोकणासाठी तयार केलेला होता. सतरा पानं. 'नजीकचे दीपगृह' यासमोर आम्ही घाटाच्या खांबावरचा दिवा लिहिला, 'वीज असल्यास' या शेऱ्यासह. 'जहाजदुरुस्तीची गोदी': निंब, एक. 'पाण्याचा खारेपणा': चवीपुरता. अकराव्या रकान्यात भरतीची वेळ विचारली होती. समुद्र आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या पलीकडे. आमच्याकडे भरती या शब्दाला एकच अर्थ आहे आणि त्यासाठी पोरं दिवस उजाडायच्या आत मैदानावर पळत असतात. मी आबांना विचारलं.

"आमना घाटवर भरती कधीच व्हयनी नही," ते म्हणाले.

मी लिहिलं, 'अद्याप झालेली नाही. होणे गरजेचे आहे.' पुढचा रकाना ओहोटीचा होता. भरती झालेल्यांचं पुढे काय होतं हे सर्वांना माहीत असल्यामुळे मी कोणालाही न विचारता लिहून टाकलं, 'अकरा महिन्यांनी.'

आमच्या अधिकारी ज्योत्स्ना मॅडम वाचल्याशिवाय सही करत नाहीत. त्यांनी हे सगळं वाचून सही केली. महिन्याभराने वरून उत्तर आलं की भरतीची वेळ निश्चित करून जाहीर केल्याशिवाय परवानगीचा विचार करता येणार नाही. आम्ही ताबडतोब फलकावर सूचना लावली: 'पिंपळथडी घाटावर भरती. वेळ लवकरच. जा. क्र. ११२.' कोणीतरी मोबाइलवर तिचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत फैजपूरपासून दोंडाईचापर्यंत सगळ्यांना कळलं की एकशे बारा जागा आहेत.

सोमवारी पिंपळथडीला साडेतीन हजार उमेदवार उतरले. पद कोणतं, हे एकानेही विचारलं नाही. निम्मे पदवीधर होते, त्यांची तशी सवय केव्हाच गेलेली. जळगावात स्पर्धा परीक्षांचे क्लास घेणाऱ्या एका सरांनी 'भरती-ओहोटी संपूर्ण मार्गदर्शक' छापलं. त्याची दुसरी आवृत्ती पहिलीच्या आधी संपली. शेवटी मेघाताई नावाच्या भूगोलाच्या प्राध्यापिका घाटावर आल्या आणि कळवळून सांगू लागल्या की भरती म्हणजे समुद्राचं पाणी चढणं, आणि ती चंद्रामुळे होते. गर्दीने त्यातलं एवढंच ऐकलं, की चंद्रामुळे होते.

दुसऱ्या दिवशी कार्यालयावर मोर्चा आला. मागण्या दोन: वशिल्याची भरती रद्द करा आणि चंद्राची चौकशी करा. मॅडमनी निवेदन नम्रपणे स्वीकारलं आणि वर पाठवलं. वरून भरतीला स्थगिती आली, सोबत चौकशी समिती. समितीने चंद्राला समक्ष हजर राहण्याची नोटीस काढली. तारीख नेमकी अमावास्येची पडल्यामुळे तो गैरहजर राहिला आणि प्रकरण जास्तच संशयास्पद झालं. भरती स्थगित म्हणून वेळ जाहीर करता येईना, वेळ जाहीर नाही म्हणून परवानगी देता येईना.

एव्हाना उन्हाळा तापला होता. लाकूड फुगलेलं राहावं म्हणून आबा रोज नदीतून बादल्या भरून नावेवर ओतत होते. नाव पाण्याकडे न्यायला बंदी होती, तेव्हा ते पाणी नावेकडे आणत होते. कोणीतरी तक्रार केली. नाव पाण्यात घालणे आणि नावेवर पाणी घालणे यांत नियमानुसार फरक आहे काय, यावर मी आठ पानांची टिपणी लिहिली. फरक नाही असं निघालं. नोटीस मी स्वतः नेऊन दिली. आबांनी ती घेतली आणि हातातली बादली खाली ठेवली. मला त्या वेळी फार लाज वाटली. टिपणीत तिचा उल्लेख नाही.

मे संपता संपता आबा पुन्हा कार्यालयात, रांग लावून माझ्या खिडकीशी आले. नवलभाऊ येऊन नाव पाहून गेले होते आणि डांबराचा डबा न उघडताच परतले होते, हे मला आधीच कळलं होतं. आबा आता चार शब्द सुनावतील, अशी माझी तयारी होती. आम्हाला त्याचं प्रशिक्षण असतं.

"नाव आते नावलेच ऱ्हायनी, भाऊसाहेब," ते म्हणाले. "माले बी भरतीना फारम भरनं शे."

मी त्यांना वयोमर्यादा सांगितली. ते अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांनी मान हलवली, खिडकीवरचा आपला हात काढून घेतला आणि रांगेतल्या मागच्या माणसाला जागा करून दिली.

ही हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. सगळे अगदी तुमच्यासारखेच हसले. हसून झाल्यावर, शेजारी कोणी ऐकत नाही ना हे पाहून, प्रत्येकाने मला हळूच विचारलं की स्थगिती उठणार कधी, आमचा एक मुलगा आहे. आबा आता पोट कसं भरतात, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. तुम्ही विचारणारच होतात, असं तुमचं म्हणणं असेल तर माझी हरकत नाही. मी तसं नोंदवून घेतो.