इंदू सिस्टरांचा कान

आमच्या इंदू सिस्टर स्टेथोस्कोपला ‘डॉक्टरांचं मंगळसूत्र’ म्हणत. त्यांना स्वतःला तो कधी लागलाच नाही. सलाइनची बाटली संपली की त्या रोग्याच्या पाठीला कडेने कान लावायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या, शेजारणीची कागाळी ऐकावी तशा. मगच पुढची बाटली.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत नोकरीला लागलो, तेव्हा अगदी कोरा करकरीत डॉक्टर होतो. रोग्याचं प्रेशर पडलं की हाताला लागेल ती बाटली ओतायची, एवढीच माझी विद्या.

मे महिन्यात गणपत आंब्याच्या कलमावरून पडला. मिरजोळ्याकडचा हा गडी जाखडी नाचाचा शाहीर, आवाज खणखणीत. पोटात रक्तस्राव, नाडी लागेना. मी डेक्स्ट्रोज टांगायला घेतलं, तर सिस्टरांनी बाटली हातातून काढून घेतली.

“साखरपाणी पाहुण्याला द्या वो डॉक्टर! हे शिरेत टिकत नाय. मिठाचं रिंगर लावा.”

आणि गणपतला टेम्पोतून घेऊन आलेल्या सगळ्या गड्यांना त्यांनी रक्त द्यायला रांगेत उभं केलं.

सहा बाटल्यांनी नाडी परत आली. मला चेव चढला. “सातवी लावा, भरधाव सोडा!”

सिस्टरांनी कान टेकला. “थांबवा. छातीच्या तळाशी पाणी बुडबुडतंय.”

“अहो, पण प्रेशर चढतंय!”

“आणि श्वास? पाण्याने जगवाल नि पाण्यातच बुडवाल!”

मी चिडलो. पण गणपत खरंच धापा टाकत होता. माझं मंगळसूत्र लावून पाहिलं, तेही तेच सांगत होतं. मुकाट्याने थेंब मंद केले. तोवर रक्त आलं, सर्जननी फुटलेली प्लीहा काढली आणि गणपत वाचला. जिंकलो! मी वॉर्डभर पेढे वाटले.

घरी जायच्या दिवशी गणपतने खाटेशी उभं राहून गण म्हटला. एकेक ओळ एका दमात, पार फाटकापर्यंत ऐकू जाईल अशी. वॉर्डाने टाळ्या पिटल्या. सिस्टर मात्र खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी जवळ गेलो.

“माझा धाकटा भाऊ असाच गायचा,” त्या म्हणाल्या. “मी तेव्हा शिकाऊ नर्स. बाटल्यांवर बाटल्या चढत होत्या, त्याची छाती भरलेली मला ऐकू येत होती. पण डॉक्टरांना ‘थांबवा’ म्हणायचा धीर झाला नाय.”

सिस्टरांनी डोळे पुसले आणि वळून हाक मारली,

“गणपत, अजून एक म्हण रे! दम हाय ना?”