काट्याचा कापूस

आमच्या शेजारचे सदोबाकाका सकाळी बांबूच्या टोकाला लोखंडी आकडी बांधून घराबाहेर पडत आणि बाभळींवरचा कापूस वेचत. बाभळीला कापूस लागत नाही, एवढे वनस्पतिशास्त्र मला ठाऊक होते. पण त्या वर्षांत अमरावतीहून अकोल्याकडे कापसाच्या इतक्या गाड्या जात, की रस्त्याकडेची प्रत्येक बाभूळ त्यांच्यावर ओरखडे काढून आपला वाटा ठेवून घेई. दुपारपर्यंत झाडे पांढरी होत. काका एकेक झुपका आकडीने ओढून झोळीत टाकत. जमिनीवर पडलेल्याला ते हात लावत नसत, गाडीतल्याला तर नाहीच.

"तो विकेल माल हाये," ते म्हणत. "त्याची ऊबही विकली. काट्यानं जे ठेवलं, ते कोनाचंच नाई."

काकांच्या स्वतःच्या शेतात कापूस मावत नव्हता. परंतु थोरला मुलगा गणपत बोंड उमलायच्या आत व्यापाऱ्याशी बोलून मोकळा होई. विलायतेला इतका कापूस कशाला लागतो, हे गावात कोणाला नीट सांगता येत नव्हते. लागतो एवढे खरे. परिणामी, साऱ्या वऱ्हाडात कापूसच कापूस आणि घरात रजईला मूठभर नाही, अशी विलक्षण स्थिती झाली होती. पिंजारी आपली धनुकली खुंटीला टांगून कापसाचे बोजे दाबायच्या कामावर गेला. रजईवाचून सारे घोंगड्यांवर तुटून पडल्याने बाजारात घोंगडीही दिसेना. गणपतने बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या बसवल्या आणि स्वतः पोते पांघरून निजला.

काका मात्र ऊब घरी तयार करत. त्यांनी रुईच्या म्हाताऱ्या भरून उशी केली. ती फाटली आणि आठवडाभर आमच्या ताकात म्हाताऱ्या तरंगत होत्या. सावरीच्या कापसाची त्यांची कानटोपी पहिल्याच दिवशी एका बाजूला गोळा झाली आणि उजवा कान डाव्याच्या दुप्पट दिसू लागला. "काहून हसून राहिली वं?" ते मला म्हणाले. "एक कान तं गरम हाये ना!"

त्यांचे एक आवडते वाक्य होते: "थंडी येत नसते बाई, ऊब पळते." ते प्रथम ऐकले तेव्हा मी चकित झाले. माझे वडील सरकारी दवाखान्यात नोकरीला होते आणि मी मुलगा नसल्याची उणीव भासू न देता मला पदार्थविज्ञान शिकवीत. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, हा सिद्धान्त मी दोन महिने खपून समजून घेतला होता. काकांनी तो बाभळीखाली उभे राहून सांगितला.

तेव्हापासून आम्ही भागीदार झालो. मी तीन सारखे तांब्याचे लोटे घेतले, त्यांत सारखेच कढत पाणी ओतले. एकाला रुई गुंडाळली, दुसऱ्याला सावर, तिसऱ्याला काट्याचा कापूस. वडिलांची उष्णतामापक नळी दर घटकेला प्रत्येकात बुडवून मी आकडे मांडत असे. हा प्रयोग लिहून मुंबईच्या एखाद्या वर्तमानपत्राकडे धाडायचा, खाली नाव घालायचे नाही, आणि तो छापून आला म्हणजे वडिलांना सांगायचे की मला मुंबईला शिकायला पाठवा, असा माझा बेत होता. काकांची पद्धत निराळी होती. ते तिन्ही लोटे आळीपाळीने पोटाशी धरत आणि डोळे मिटून निर्णय देत. दुःखाची गोष्ट ही, की त्यांचे पोट आणि माझी नळी यांचे कधी मतभेद झाले नाहीत. काट्याचा कापूस जिंकला. हाताने मोकळा पिंजल्यामुळे त्यात हवा अडकत होती.

नळीत काकांना रस होता तो एकाच ठिकाणी. अगदी खाली, फॅरनहाइटच्या बत्तीस आकड्याशी, बोट ठेवून ते विचारत, "पारा इथवर आला तं काय होते?"

"पाणी गोठतं, काका. दगड होतो पाण्याचा."

"आपल्या इथं येते?"

"कधीच नाही. अमरावतीच्या थंडीत त्याच्या पुष्कळ वर राहतो."

"आन् विलायतेले?"

"तिथे येतो. त्याच्याही खाली जातो."

ते मान हलवत आणि दोन दिवसांनी तेच पुन्हा विचारत. खेड्यातल्या माणसात मी शास्त्रीय जिज्ञासा जागी केली, असे मी वडिलांना अभिमानाने सांगितले.

काकांच्या धाकट्या मुलाविषयी येथे सांगितले पाहिजे. महादू दोन वर्षांपूर्वी कापसाच्या गाड्यांबरोबर मुंबईला गेला आणि तेथून गठ्ठ्यांबरोबरच जहाजावर चढला. विलायतेस गेला, असे कोणी येऊन सांगितले. भाऊबंद जमले. समुद्र ओलांडला म्हणून त्याच्या नावाने आंघोळ करावी, असे ठरले आणि काकांनी सर्वांदेखत आंघोळ केली. त्या घरात पुन्हा महादूचे नाव निघाले नाही. मीही कधी काढले नाही.

त्या हिवाळ्यात काकांनी काट्याच्या कापसाची लांब बाह्यांची बंडी शिवली. टाके वाकडे, पण कापूस कोठेही गोळा होऊ दिला नव्हता.

"कोणासाठी, काका?"

"माह्यासाठीच. दुसरं कोन हाये?"

हंगामातली कापसाची शेवटची गाडी निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी बंडी माझ्याकडे दिली. "तुह्या नळीनं एकडाव पाहून ठेव. ऊब पळाली नाई पायजे."

मी पाहिली. ती उत्तम होती. मात्र मापात चूक होती. काका बुटके व रुंद. बंडी अरुंद, आणि बाह्या त्यांच्या बोटांच्या पुढे वीतभर लोंबणाऱ्या. माप चुकलेल्या वस्त्रातून उष्णता निसटते. मी दोऱ्याने हिशेबशीर मोजले, दोन्ही बाह्या वीतभर कापल्या आणि कडा सुबक दुमडून टाकल्या. काकांना आनंद होईल अशी माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी बंडी हातात घेतली. बाह्यांवरून अंगठा फिरवला.

"तुम्हाला आता बरोबर होईल," मी म्हटले.

"हो वं. मले होईन." बाहीची दुमड उलटून पाहत त्यांनी विचारले, "कापलेले तुकडे फेकले काय?"

मी टोपलीतून तुकडे काढून दिले. ते ओट्यावर बसले, सुईत दोरा ओवताना तीन वेळा चुकले, चौथ्यांदा मी ओवून दिला. ते बाह्या जोडू लागले. मी कारण विचारले. त्यांनी शेजारी पडलेली नळी उचलली आणि बत्तीसच्या आकड्यावर अंगठा ठेवला.

"त्याचे हात लांब हायेत," ते म्हणाले.

माझ्याजवळ सर्व आकडे आधीपासून होते. बेरीज मात्र तेव्हा झाली. मी दुसरी बाही घेतली आणि आम्ही दोघांनी मिळून ती जोडली.

गाडी वेशीशी उभी होती. मला वाटले, काका गाडीवानाला पत्ता सांगतील. त्यांनी बोज्याचे तोंड सैल करायला लावले, हात खांद्यापर्यंत आत घातला आणि बंडी कापसात खोल दडवली.

"सदोबा, हे काय करून राह्यला?" गाडीवान म्हणाला.

"जिथं कापूस उतरते, तिथं तो हाये. बोजा सोडला की दिसंन त्याले. जुन्या लुगड्याचा कपडा हाये, घरचा. वळखंन." मग ते माझ्याकडे वळले. "तू शिकेल हायेस. पोचन ना बाई?"

विलायत नकाशावर मी पाहिली होती. वाटेत बोजे किती वेळा फोडून पुन्हा दाबतात, हे गाडीवानाने मला सांगितले होते.

"पोहोचेल, काका," मी म्हटले.

गाडी वळणावर बाभळीला घासून गेली. काका तिच्यामागे चार पावले चालले, थांबले, आणि काट्यात अडकलेला झुपका त्यांनी आकडीने अलगद ओढून घेतला.

"कानटोपीले होईन," ते म्हणाले. "दोन्ही कानाची."