'विकतो' हा शब्द वगळून

माणूस काय काम करतो यापेक्षा ते काम तो कोणत्या शब्दांत सांगतो, यावर त्याची समाजातील पत ठरते, हे आता सर्व सुधारलेल्या जिल्ह्यांनी मान्य केले आहे. रत्नागिरी जिल्हा या बाबतीत थोडा मागे होता. इथे मासे विकणारी बाई अजूनही "मासे विकते" असे चारचौघांत सांगते, आणि तिला त्यात काही कमीपणा वाटत नाही. हा अनुशेष भरून काढण्याचे काम गेल्या दोन वर्षांत ज्यांनी केले, त्यांत श्री. विठू पाष्टे यांचे नाव घ्यावे लागेल. (ते घेऊ नये अशी त्यांची स्वतःची इच्छा आहे. परंतु प्रस्तुत लेखक त्यांचा शेजारी असल्याने त्यांचा नाइलाज आहे.)

विठू पाष्टे चौतीस वर्षे एसटीत कंडक्टर होते. एवढ्या काळात "तुम्ही काय करता?" असे त्यांना एकाही माणसाने विचारले नाही. खाकी कपडे आणि खांद्यावरची पिशवी बघून लोक थेट "गुहागर कधी लागेल?" एवढेच विचारत. निवृत्त झाल्यावर ते घरात बसले, म्हणजे खरे तर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, आणि आत कोण गेले, बाहेर कोण आले यावर लक्ष ठेवू लागले. त्यांच्या पत्नी सगुणाबाईंनी हे पाच महिने सहन केले. सहाव्या महिन्यात त्यांच्या बहिणीचा मुलगा नितेश देवरुखहून आला. मे महिना होता आणि त्याने कोट घातला होता.

नितेशचे वय सव्वीस. कार्डावर "वरिष्ठ निद्रा-सल्लागार, दक्षिण कोकण विभाग" असे छापलेले. 'सौख्यशय्या जीवनशैली' नावाच्या कंपनीची चुंबक बसवलेली गादी तो लोकांच्या घरी जाऊन विकत असे. हे वाक्य मी त्याच्यासमोर कधीही उच्चारणार नाही, कारण त्यात दोन निषिद्ध शब्द आहेत. तो स्वतः म्हणे, की तो कुटुंबांना निद्राविषयक निर्णय घेण्यास सक्षम करतो.

सगुणाबाईंनी आपल्या नवऱ्यालाही सक्षम करून घेऊन जाण्याची विनंती त्याला केली.

विठूंचे प्रशिक्षण मारुती मंदिराजवळच्या एका हॉलमध्ये झाले. विषय होता, 'आपल्या व्यवसायाचा आत्मविश्वासपूर्ण परिचय'. गादी या विषयाला चहानंतर दहा मिनिटे दिली होती, पण चहा लांबला. शिकवण्यात आले ते असे: उभे राहताना खांदे मागे. हात मिळवताना समोरच्याचा हात त्याने सोडवण्याआधी सोडायचा नाही. 'गादी' म्हणायचे नाही, 'निद्रा-प्रणाली' म्हणायचे. 'गिऱ्हाईक' नाही, 'लाभार्थी कुटुंब'. किंमत विचारलीच तर ती 'आरोग्यातील गुंतवणूक' असते. आणि 'विकतो' हा शब्द मेलो तरी नाही. एका प्रशिक्षणार्थी बाईंनी, चिपळूणच्या होत्या, समोरच्याला आपण काय आणले आहे हे मग कळणार कसे, असे विचारले. त्यांना कळणे हा दुसरा टप्पा असल्याचे सांगण्यात आले. पहिल्या टप्प्यात फक्त विश्वास बसायचा असतो.

विठूंनी हे सगळे मनापासून केले. ज्या माणसाने चौतीस वर्षे नियमाप्रमाणे तिकिटे फाडली, तो नियम दिल्यावर पाळणारच. रोज सकाळी ते कपाटाच्या आरशासमोर उभे राहून तीस सेकंदांत स्वतःची ओळख करून देत. आवाज मुळातच खणखणीत होता. गल्लीतल्या आम्हा सगळ्यांना ती ओळख आठवड्याभरात पाठ झाली.

पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी एकूण एकसष्ट जणांना आपला परिचय दिला. त्यांपैकी चौदा जणांना ते योग शिकवतात असे वाटले. नऊ जण त्यांना डॉक्टर समजले. तिघांनी, तुम्ही बरे कधी झालात, असे आपुलकीने विचारले. एका आजोबांनी मुलाच्या बदलीचा अर्ज हातात दिला. उरलेल्यांना काहीच कळले नाही आणि म्हणून त्यांच्या मनात विठूंविषयी आदर निर्माण झाला. गाद्या खपल्या शून्य. (नितेशच्या मते हा उत्तम प्रतिसाद होता. विश्वास बसत चालल्याचे ते लक्षण होते.)

विश्वास खरोखरच बसत होता. वेळणेश्वराच्या बाजूला एका गावात ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा होता, तिथे विठूंना बोलावले. मागे फलक लागला: "निद्रा व आरोग्यतज्ज्ञ मा. श्री. विठ्ठल पाष्टे यांचे मार्गदर्शन". विठूंनी फलक पाहिला, आणि तज्ज्ञ हा शब्द काढता येईल का, असे नितेशला हळूच विचारले. फलक छापून झाला आहे, असे नितेश म्हणाला. शाल, श्रीफळ झाले. फोटो निघाला. तो दुपारपर्यंत निम्म्या जिल्ह्याच्या मोबाईलवर पोचला, आणि त्यात कमाल मुकादमचाही मोबाईल होता.

कमाल मुकादम हा विठूंचा ड्रायव्हर. अकरा वर्षे दोघांनी एकाच गाडीवर ड्युटी केली. कमाल पुढे बघत असे, विठू मागे बघत, आणि दोघांचा एकमेकांवर एवढा भरवसा होता की घंटा वाजली की कमाल मान न वळवता गाडी सोडी. निवृत्तीनंतर तो राजिवड्यात घरीच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोला, हाजराभाबींना, रिक्षात घालून विठूंच्या दारात आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्ट होते.

त्या वेळी नितेश तिथेच होता, आणि मीही (पेपर परत द्यायला गेलो होतो). हाजराभाबींच्या पायाला महिन्याभरापूर्वी पायताण चावले होते. साखरेचा आजार असल्याने जखम भरत नव्हती, अंगठा काळा पडत चालला होता. डॉक्टरांनी दोन दिवसांत दाखल व्हा म्हणून सांगितले होते. बोटावर निभावेल, उशीर केलात तर पाऊल जाईल, असे त्यांचे म्हणणे. भाबी कापाकापीला घाबरून गेल्या होत्या. त्यात तो फोटो आला. नितेशच्या पत्रकात चुंबकाने रक्ताभिसरण सुधारते, असे निळ्या अक्षरांत छापलेले होतेच.

कमालने पिशवी विठूंच्या पुढ्यात ठेवली. म्हणाला, "डाक्टर कापायला सांगतोय. तू आता यातला माणूस झालायस. तू सांगशील तसं करतो. दाखल करू, का तुझ्याकडचा उपाय घेऊ?"

इथे प्रशिक्षणाचे महत्त्व लक्षात यावे. समोर लाभार्थी कुटुंब स्वतःच्या पायांनी (त्यातल्या एका पायाने, असे म्हणणे अधिक अचूक) चालून आलेले. विश्वासाचा टप्पा गाडीवरच्या अकरा वर्षांतच पूर्ण. किंमतसुद्धा कोणी विचारलेली नाही. नितेश खुर्चीच्या टोकावर सरकला आणि म्हणाला, की निर्णय अर्थातच कुटुंबाचा असतो, पण प्रणाली वापरून बघायला काहीच हरकत नाही, महिनाभर बघा आणि मग ठरवा.

विठूंचे खांदे मागे होते. ते हळूहळू पुढे आले. त्यांनी पिशवी उचलून परत कमालच्या हातात दिली.

"कमाल, मी गाद्या विकतो," ते म्हणाले.

नितेशने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे?" कमालने विचारले.

"म्हणजे गाद्या. झोपायच्या. आत लोहचुंबक शिवलेत. त्याने माझी कंबर दुखायची थांबली नाही, भाबींचा पाय काय राहणार? आज दाखल कर. रिक्षा सोडलीस का?"

कमालने पिशवी काखेत धरली. मग म्हणाला, "मग त्या फोटूत शाल कशाला घेतलीस?"

याला प्रशिक्षणात उत्तर दिलेले नव्हते. विठू आत गेले, चप्पल घालून आले, आणि भाबींना दंडाला धरून रिक्षात बसवून स्वतः कडेला बसले. इस्पितळात ते तीन दिवस कमालबरोबर बाकावर होते. तिथे त्यांनी कोणालाही आपला परिचय दिला नाही, असे कळते.

हाजराभाबींचा अंगठा गेला. पाऊल राहिले. आता त्या काठी घेऊन बाजारापर्यंत जातात आणि बोंबलांच्या भावावरून पूर्वीसारख्याच भांडतात.

कंपनीकडून विठूंना पत्र आले. "लाभार्थी कुटुंबासमोर व्यावसायिकतेचा गंभीर अभाव दाखविल्याबद्दल" त्यांचे सल्लागारपद काढून घेण्यात येत होते. सल्लागार होताना पदरच्या पैशाने घ्याव्या लागलेल्या आणि घरात पडलेल्या सहा गाद्या मात्र काढून घेण्यात येत नव्हत्या. विठूंनी त्या विकायला काढल्या. कोणी विचारले की सांगत, "गाद्या विकतो. मऊ आहेत. चुंबकाचा काही उपयोग नाही."

यावर आपल्या जिल्ह्यातील सुशिक्षित जनतेने काय करावे? जनता सावध झाली. एवढे सरळ कोण बोलतो, यात नक्की काहीतरी असणार, असे बँकेतल्या एका साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितले. दुसऱ्याने, पाष्ट्यांचा धंदा बुडालेला दिसतो, चेहरा बघा, असे निदान केले. ज्या मंडळाने त्यांना शाल दिली होती, त्यांनी पुढच्या मेळाव्याला त्यांना बोलावले नाही. तिथे आता आयुष्य-समन्वयक म्हणून कोणी गृहस्थ येतात, ते काय करतात हे कोणालाच माहीत नाही आणि सभागृह भरून जाते. फक्त कमालने एक गादी घेतली. ती घेण्याआधी त्याने तिच्यावर अर्धा तास झोपून पाहिले, आणि घोरला. गाडीवरची अकरा वर्षे धरून दोघांमध्ये झालेला हा पहिलाच व्यवहार. उरलेल्या पाच अजून माळ्यावर आहेत. सगुणाबाईंनी त्या उन्हात काढून त्यांच्यावर पापड वाळत घालायला सुरुवात केली आहे आणि विठू स्वयंपाकघराच्या दारात परत आले आहेत. या वेळी त्यांनी तिथे पाट मांडून दिला.

नितेशचे चांगले चालले आहे. गाद्या त्याने सोडल्या. आता तो फक्त परिचय शिकवतो, तेही निरनिराळ्या गावांत, आणि शिबिरांना खुर्च्या कमी पडतात.

वाचकहो, तुम्ही एव्हाना विठूंच्या बाजूचे झाला असाल. वाचताना सगळेच होतात. म्हणून जाता जाता एक लहानशी चाचणी. तुम्ही पोटासाठी काय करता, ते आत्ता मोठ्याने सांगा. एकाच वाक्यात, शेजारी बसलेल्या माणसाला कळेल असे. वाक्याची सुरुवात "म्हणजे, तसं बघायला गेलं तर" अशी झाली असेल, तर घाबरू नका. नितेशच्या शिबिरात पहिल्या रांगेत थोड्या जागा आहेत. मागच्या सगळ्या रांगा तुमच्याच ओळखीच्यांनी केव्हाच धरून ठेवल्या.